फौजी जाकीट आणि रातचं ओलित

मार्गशीर्ष लागला की बुलडाणा जिल्ह्यात हरभऱ्या-गव्हाचं ओलित सुरू होतं आणि बाजारात गरम कपड्यांचे ढीग पडू लागतात. दोन्हींचं नातं शेतीपंपाच्या विजेशी आहे. थ्री-फेज लाईन आळीपाळीनं कधी दिवसा येते, कधी रात्री. रातपाळी आली की चिखलीचा, मेहकरचा, नांदुऱ्याचा शेतकरी जेवण उरकून वावराकडे निघतो आणि पहाटेपर्यंत तुषारचे पाईप इकडून तिकडे हलवत राहतो. ओलित नसेल त्याला जागल असते. रोही आणि रानडुकरांना रातपाळी-दिवसपाळी कळत नाही.

घाटावर थंडी जास्त, घाटाखाली कमी, असं आपण म्हणतो, आणि बऱ्याच अंशी ते खरं आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर साधारण ६५० मीटर उंचीवर वसलेलं बुलडाणा वऱ्हाडात थंड हवेचं गाव म्हणून ओळखलं जातं, आणि थंडीची लाट आली की इथे पारा दहाच्या खाली उतरतो. पण पूर्णेच्या खोऱ्यातल्या माणसानंही फार निश्चिंत राहू नये. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, तिच्यालगतची हवा गार होते, जड होते आणि उतारानं वाहत नाल्याकाठच्या सखल वावरात साचते. त्यात पायांखालची जमीन नुकतीच भिजवलेली. सगळ्यांत कमी तापमान सूर्योदयाच्या सुमारास असतं, म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा माणूस रात्रभर जागून थकलेला असतो आणि कपडे दवानं ओले झालेले असतात.

अशा माणसाला बाजारात एक ठरलेली हाक ऐकू येते : ‘‘भाऊ, ओरिजनल मिलिटरी! सियाचीनचा माल आहे!’’

सियाचीनचा माल मेहकरच्या वावरात खरंच लागतो का? आणि लागला तरी अंगाला कुठला बसेल? फौजी कपडा एका विशिष्ट अंगासाठी, विशिष्ट कामासाठी आणि विशिष्ट थंडीसाठी शिवलेला असतो. या तिन्ही गोष्टी आपल्याशी जुळवून पाहिल्या तर त्याच्याइतकी टिकाऊ वस्तू दुसरी नाही. नाही पाहिल्या तर तेच जाकीट ओझं होतं आणि पुढच्या वर्षी ट्रॅक्टरच्या सीटवर अंथरलं जातं.

त्याआधी ढिगात काय असतं ते बघू. पहिला प्रकार परदेशी सैन्यांचा खरा जुना माल : अमेरिकी, जर्मन, ब्रिटिश. जगभरातले वापरलेले कपडे गुजरातमधल्या कांडला आणि हरियाणातल्या पानिपत या दोन ठिकाणी मोठ्या प्रमाणावर येतात. पानिपतला तर जुन्या लोकरी कपड्यांचा धागा काढून ब्लँकेटं विणण्याचा मोठा धंदा आहे. या प्रवाहातून निवडून निघालेली जाकिटं तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचतात. दुसरा प्रकार आपल्याच फौजेचा : हिरवी लोकरी जर्सी, अंगोला शर्ट, पारका कोट. हे बहुधा निवृत्त फौजींच्या ट्रंकेतून बाहेर पडतं, आणि आपल्या जिल्ह्यात अशा ट्रंका पुष्कळ आहेत. तिसरा प्रकार मिलिटरीसारखा दिसणारा बाजारू माल. माझ्या पाहण्यातले बहुतेक ढीग या तिसऱ्या प्रकाराचेच असतात. तो वाईटच असतो असं नाही, पण त्याला ‘ओरिजनल’ची किंमत देऊ नये.

खरा परदेशी माल ओळखायची एक खूण आतल्या चिठ्ठीवर असते. नाटो देशांच्या फौजी वस्तूंवर तेरा आकडी साठा-क्रमांक छापतात. कपड्यांचा असेल तर तो बहुधा ८४०५ किंवा ८४१५ नं सुरू होतो. त्यापुढचे दोन आकडे देशाचे : ०० किंवा ०१ अमेरिका, १२ जर्मनी, ९९ ब्रिटन. अमेरिकी कपड्यावर कंत्राटाचा क्रमांकही असतो आणि त्यातल्या मधल्या दोन आकड्यांवरून वर्ष कळतं. ८६ असेल तर १९८६ चं कंत्राट. चिठ्ठी नुसतीच ‘यूएस आर्मी’ म्हणत असेल आणि हे आकडे नसतील, तर समजून जावं.

आता उबेकडे वळू. कपडा ऊब देत नाही, ती अंगातूनच येते. कपडा फक्त हवेला एका जागी धरून ठेवतो, कारण थांबलेली हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. लोकर, कापूस, पॉलिस्टर, बदकाची पिसं यांचं काम एकच : हवेचे बारीक कप्पे करणं. म्हणून उबेचा पहिला हिशेब जाडीचा, कापडाच्या नावाचा नंतर. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या शरीरशास्त्रज्ञांनी कपड्याची ऊब मोजायला ‘क्लो’ नावाचं एकक ठरवलं. साधारण २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला पुरेल एवढी ऊब म्हणजे एक क्लो, ढोबळमानानं एक पुरता सूट. पुढे प्रयोगांतून दिसलं, की एक इंच जाडीचा थर सुमारे चार क्लो ऊब देतो. मग तो लोकरीचा असो, पॉलिस्टरचा असो की पिसांचा, फरक थोडाच पडतो. ध्रुवीय प्रदेशातल्या अमेरिकी सैनिकाचा पूर्ण पोशाख चार क्लोच्या आसपास असतो. आपल्याला वावरात काम करताना त्याच्या अर्ध्याचीही गरज नसते.

या जाडीच्या नियमातून मापाचा नियम आपोआप निघतो, आणि बाजारात नेमका तोच विसरला जातो. जाड जाकीट तंग बसलं की आतला थर दबतो. एक सेंटीमीटरचा थर दबून अर्धा झाला की ऊबही अर्धी. आरशात फिट्ट दिसणारं जाकीट रात्री दोन वाजता गार पडतं ते यामुळे. उलट फारच ढगळ घेतलं तर चालताना, वाकताना आतली गरम हवा गळ्यातून आणि कमरेतून भात्यासारखी बाहेर फेकली जाते. या दोन टोकांमधलं माप शोधायला थोडं गणित पुरतं, आणि ते गावातल्या शिंप्याच्या टेपनं करता येतं.

थराची जाडी जितकी, त्याच्या सुमारे सव्वासहा पट घेर वाढतो. वर्तुळाच्या परिघाचं शाळेतलं सूत्र आहे, दुसरं काही नाही. समजा छाती ३६ इंच आहे. आत अर्धा सेंटीमीटर जाडीचा स्वेटर, त्याचे सव्वा इंच. त्यावर एक सेंटीमीटर जाडीचं अस्तर, त्याचे अडीच इंच. झाले पावणेचाळीस. हात हलवायला, वाकायला, पाईप खांद्यावर घ्यायला आणखी चार इंच हवेत. म्हणजे वरच्या जाकिटाचा आतला घेर सुमारे ४४ इंच हवा. दुकानात जाकीट चेन लावून सपाट ठेवायचं, एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत टेप लावायची आणि आलेला आकडा दुप्पट करायचा. इथे २२ इंच आले पाहिजेत. अस्तर जाकिटातच शिवलेलं असेल तर बाहेरून मोजलेला आकडा फसवतो, कारण अस्तर आतली जागा खातं. तेव्हा मग एक-दोन इंच जास्त धरायचे.

चिठ्ठीवरचं माप वाचताना आणखी एक चूक होते. फौजी चिठ्ठीवर कपड्याचं माप नसतं, माणसाचं असतं. अमेरिकी जाकिटावर ‘मीडियम’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ३७ ते ४१ इंच छातीचा माणूस. स्मॉल म्हणजे ३३ ते ३७, लार्ज म्हणजे ४१ ते ४५. आत घालायच्या थरांसाठी लागणारी ढील शिवतानाच दिलेली असते. पण आपला गडी ‘आत स्वेटर घालायचा आहे’ म्हणून एक माप मोठं उचलतो, दुकानदार ‘थोडं मोठंच घ्या भाऊ’ म्हणतो, आणि ३६ छातीचा माणूस लार्जमध्ये हरवून जातो. बाजारू नकलेत उलटं असतं : त्यावरचं ‘एल’ कुणाच्याही मनाचं असतं, तिथे फक्त टेप खरी.

अमेरिकी मापाला दुसरा शब्दही जोडलेला असतो आणि आपल्यासाठी तो जास्त महत्त्वाचा आहे. रेग्युलर म्हणजे पाच फूट सात इंच ते पाच फूट अकरा इंच उंचीचा माणूस. शॉर्ट म्हणजे पाच-तीन ते पाच-सात. आपल्याकडचे कितीतरी पुरुष या शॉर्टमध्ये बसतात, पण ढिगात रेग्युलर जास्त असतं. मग बाह्या बोटांवर येतात, कंबरेची दोरी मांडीवर येते आणि कोपराची जोडपट्टी मनगटाकडे सरकते. बाही दुमडता येते, पण कंबरेची दोरी चुकीच्या जागी असेल तर खालून येणारी हवा अडत नाही. त्यामुळे ‘स्मॉल शॉर्ट’ किंवा ‘मीडियम शॉर्ट’ दिसलं तर रंग थोडा उडालेला असला तरी सोडू नये. ब्रिटिश कपड्यावर १७०/९६ असे आकडे असतात : आधी उंची, मग छाती, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. काही कपड्यांवर ७०८०/९५०५ असा आठ आकड्यांचा कोड दिसतो. तो दूरध्वनी क्रमांक वाटतो, पण वाचायला सोपा आहे : उंची १७० ते १८०, छाती ९५ ते १०५, शेकड्याचा आकडा गाळलेला. आपल्या फौजेच्या जर्सीवर नुसताच आकडा असेल तर तो इंच की सेंटीमीटर या वादात न पडता सरळ मोजून घ्यावं.

घालून बघताना नुसतं उभं राहून उपयोग नाही. आतले सगळे कपडे घालून चेन लावावी, दोन्ही हात मोटारसायकलचं हँडल धरल्यासारखे पुढे न्यावेत, मग उकिडवं बसावं, मग हात वर करावा. पाठ ताणली गेली किंवा मागून कंबर उघडी पडली, तर ते जाकीट कार्यालयात जाणाऱ्याचं आहे, ओलित करणाऱ्याचं नाही. रात्रभर वाकून काम करणाऱ्याचं जाकीट मागे बैठकीपर्यंत आलंच पाहिजे.

घरातल्या बाईसाठी जाकीट घेताना छातीवरून माप घेऊन भागत नाही. कापूस वेचायला जाताना लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाहीचा शर्ट चढवायची रीत आपल्याकडे आहेच. त्याच धर्तीवर जाकीट घेतलं जातं आणि मग खालचं बटण लागत नाही, कारण फौजी जाकीट खांद्याला रुंद आणि खाली सरळ असतं, तर इथे कमरेला निऱ्यांची जाडी असते. तिच्यासाठी निऱ्यांवरून घेर मोजावा, खालूनही उघडणारी दुहेरी चेन किंवा बाजूला चीर असलेलं जाकीट शोधावं. नाहीतर सरळ फौजी लोकरी जर्सी घ्यावी. ती ताणते, निऱ्यांवर अडत नाही आणि धुक्यात ओली झाली तरी ऊब सोडत नाही.

फौज स्वतः थंडीचा धडा फार महागात शिकली आहे. १९६२ च्या ऑक्टोबरात, चीन युद्धाच्या वेळी, नामका चूच्या खोऱ्याकडे घाईनं पाठवलेल्या जवानांपैकी अनेकांच्या अंगावर सुती गणवेश आणि पायांत कॅनव्हासचे बूट होते. त्या पराभवाच्या कारणांमध्ये कपड्यांचा उल्लेख आजही होतो. बावीस वर्षांनी, १३ एप्रिल १९८४ रोजी, ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू करून भारतीय सैनिक सियाचीनच्या खिंडींवर उतरले, तेव्हा हिमप्रदेशाचे कपडे युरोपातून आणलेले होते. त्या मोहिमेवरच्या लिखाणात एक हकीकत वारंवार येते : पाकिस्ताननंही लंडनच्या एका पुरवठादाराकडे तशाच कपड्यांची मागणी नोंदवली, आणि तोच पुरवठादार भारतालाही माल देत असल्यानं बेत उघडा पडला. हिमनदीवरच्या मोहिमेची चाहूल शिंप्याच्या वहीतून लागावी, हे मला फार बोलकं वाटतं.

तरी कपड्यांची अडचण पुरती सुटली नाही. २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालानं उंचावरच्या जवानांच्या बूट आणि चष्म्यांच्या तुटवड्यावर बोट ठेवलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये डीआरडीओनं अतिथंडीच्या पोशाखाचं आपलं तंत्रज्ञान पाच भारतीय कंपन्यांना दिलं. त्या पोशाखाचं वर्णन वाचण्यासारखं आहे. तीन थर, आणि ते अधिक १५ अंशांपासून उणे ५० अंशांपर्यंत चालतात, पण थरांच्या वेगवेगळ्या जोड्या करून आणि माणूस किती मेहनत करतो आहे ते पाहून. एकच जाडजूड कोट सगळीकडे चालेल, असं फौजही मानत नाही.

तीन थरांची कामं वेगळी. अंगालगतचा थर घाम शोषून बाहेर टाकतो, मधला हवा धरतो, वरचा वारा आणि पाणी अडवतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं १९४३ च्या गणवेशात हीच विभागणी आणली, आणि पुढे १९६५ च्या एम-६५ जाकिटात आतलं रजईसारखं शिवलेलं पॉलिस्टर अस्तर बटणांनी काढता-घालता येत असे. हे सुटं अस्तर ढिगात कधी कधी एकटंच सापडतं : हिरवं, बिनकॉलरचं, दिसायला अगदी गरीब. लोक ते बाजूला टाकून भारी पारका उचलतात. माझ्या मते आपल्या जिल्ह्यासाठी सगळ्या ढिगातली सर्वांत कामाची वस्तू तीच आहे. आत लोकरी जर्सी, वर हे अस्तर आणि त्यावर वारा अडवणारं कुठलंही पातळ जाकीट, मग ते साध्या रेनकोटाच्या कापडाचं का असेना. दहा वाजता पाईप हलवताना अस्तर काढून ठेवता येतं, तीन वाजता मोटारीजवळ बसून राहायचं असेल तेव्हा चढवता येतं.

हे काढणं-घालणं चैन नाही. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता तयार करतो, भरभर चालणारा त्याच्या तिप्पट, फावडं मारणारा त्याहून जास्त. उणे तीसची पारका घालून आठ अंशांत दारं धरली तर अर्ध्या तासात बनियन घामानं चिंब होते. पाणी थांबलेल्या हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. काम थांबलं की तोच घाम माणसाला गारठवतो. रातपाळीला अंगालगत सुती बनियन घालूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. कापूस पाणी धरून बसतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओलावा पोटात घेते आणि तरी ओली लागत नाही. कापसाच्या जिल्ह्यात हे बोलणं जिवावरचं आहे, पण थंडीला जिल्हाभिमान कळत नाही. घरची जुनी घोंगडी रानात अजून टिकून आहे ती याच गुणावर.

दूधवाल्याचा, पेपरवाल्याचा, पहाटे राजूर घाट उतरून मलकापूरकडे जाणाऱ्याचा हिशेब वेगळा. तो बसून असतो, अंगमेहनत नाही, आणि वारा समोरून येतो. हवामानशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या वाऱ्याच्या गारठ्याच्या सूत्रात आठ अंश तापमान आणि ताशी ५० किलोमीटर वेग घातला तर उघड्या कातडीला तीन अंशांसारखा गारठा लागतो. त्याला जाडीपेक्षा वारा अडवणारं कापड, चेन झाकणारी पट्टी आणि मनगटाला घट्ट बसणारी बाही महत्त्वाची. विणलेली जर्सी नुसती वर घालून गाडीवर बसलं तर वारा तिच्यातून आरपार जातो.

दोन-तीन धोके दुकानात कुणी सांगत नाही. पहिला शेकोटीचा. जागलीला शेकोटी असतेच, आणि पारकांचं वरचं कापड बहुधा नायलॉनचं. ठिणगी पडली की भोक पडतं, आणि पेट घेतला तर ते वितळून कातडीला चिकटतं. लोकर सहजी पेटत नाही, ज्वाळा काढली की बहुधा विझते. शेकोटीजवळ बसणाऱ्यानं वर लोकरच ठेवावी. कापड कशाचं आहे याची शंका असेल तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून काडीनं जाळून बघावा. केस जळाल्यासारखा वास आला आणि चुरगळणारी राख झाली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर.

दुसरा धोका टोपीचा. पारकाचं मोठं, केसाळ काठाचं हूड ध्रुवावर चेहऱ्यापुढे गरम हवेचा बोगदा करतं. इथे ते दोन्ही बाजूंची नजर आणि कानावरचा आवाज कापतं. घाटात मागून येणारा ट्रक कळत नाही. ज्ञानगंगा अभयारण्याच्या भोवतालच्या गावांत तर पहाटे अस्वलाची चाहूल लागणं जास्त गरजेचं. टिपेश्वरहून तेराशे किलोमीटरच्या वर चालत आलेला वाघ २०१९ च्या अखेरीस याच ज्ञानगंगेत मुक्कामाला आला होता, हे तिथले लोक विसरलेले नाहीत. कानटोपी पुरते. डोक्यातून अंगाची चाळीस टक्के उष्णता जाते, हे जुन्या अमेरिकी फौजी पुस्तिकेतून पसरलेलं वाक्य चुकीचं आहे. प्रत्यक्षात साधारण दहा टक्के जाते, डोक्याच्या आकाराला साजेशी.

तिसरा रंगाचा. हिरवा-मातकट रंग माणूस दिसू नये म्हणूनच निवडलेला असतो, आणि अंधाऱ्या रस्त्यावर तो आपलं काम चोख करतो. पाठीवर आणि बाह्यांवर चमकणारी पट्टी शिवून घ्यावी. भारतीय सैन्याचा सध्याचा ठिपक्यांचा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनी पहिल्यांदा संचलनात दिसला. त्याच्या नक्षीची नोंदणी सैन्यानं केली आहे, तेव्हा त्या नक्षीचं जाकीट विकत घेऊच नये. सैनिक असल्याचा भास व्हावा या हेतूनं सैनिकी पोशाख घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या साध्या हिरव्या जर्सीनं कुणी पकडत नाही, पण त्यावरचे बिल्ले आणि खांद्यावरच्या पट्ट्या काढून टाकाव्यात. ज्यानं ते कमावले नाहीत त्याच्या अंगावर ते शोभतही नाहीत.

ढिगापुढे उभं राहिल्यावर हातानं बघायच्या गोष्टी थोड्याच. जाकीट उजेडाकडे धरावं. अस्तरातला कापूस किंवा पॉलिस्टर खाली गोळा होऊन खांद्याजवळ नुसतं कापड उरलं असेल तर उजेड आरपार दिसतो. खांद्याचाच भाग आधी झिजतो आणि ऊबही तिथेच हवी असते. लोकरीत कसरीची भोकं बघावीत. जलरोधक कापड आतून उलटं करून नखानं खरवडावं. पापुद्रे सुटत असतील किंवा बोट चिकटत असेल तर त्याचा लेप संपला, तो पुन्हा लावता येत नाही. पितळी चेन जाम असेल तर घाबरू नये, मेणबत्ती घासली की बहुधा चालते. दात तुटले असतील तर मात्र शिंप्याचा खर्च किमतीत धरावा. पिसांचं जाकीट दिसायला भारी आणि दाबलं की मऊ लागतं, पण ओलं झालं की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जवळजवळ संपते. ते कोरड्या थंडीचं आहे. तुषार सिंचनाच्या फवाऱ्यात उभ्या राहणाऱ्यानं ते घेऊ नये.

घरी आणल्यावर लोकर कोमट पाण्यात रिठ्यानं किंवा सौम्य साबणानं धुवावी, पिळू नये, सावलीत आडवी वाळत घालावी. टांगली तर पाण्याच्या वजनानं लांबते आणि मोजून-मापून घेतलेलं माप गेलं. पॉलिस्टर अस्तर साध्या धुण्यात चालतं, फक्त इस्त्री नको. होळीनंतर ठेवताना पूर्ण कोरडं करून, निंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या घालून ठेवावं आणि वर जड गाठोडं ठेवू नये. सहा-आठ महिने दाबून राहिलेला थर पुन्हा पुरता फुगत नाही.

एवढं करूनही एक गोष्ट जाकिटाच्या आवाक्याबाहेर राहते : पाय. पाय गारठून बधिर व्हायला बर्फ लागत नाही. शून्य ते पंधरा अंशांच्या पाण्या-चिखलात तासन्‌तास पाय ओले राहिले तरी कातडी पांढरी पडते, मुंग्या येतात, नंतर सूज आणि जळजळ होते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या हजारो सैनिकांचे पाय असेच बिघडले होते. चपलेवर किंवा अनवाणी रात्रभर दारं धरणाऱ्याची अवस्था त्याच जातीची, फक्त तासांनी कमी. फौजेचा उपाय साधा आहे : कोरड्या लोकरी मोज्यांची जास्तीची जोडी खिशात, आणि दर काही तासांनी पाय पुसून मोजे बदलणं. गमबूट घेताना नेहमीच्या मापाहून एक नंबर मोठा घ्यावा, कारण दबलेल्या मोज्यातही हवा राहत नाही आणि तंग बुटात पायाचं रक्तही नीट फिरत नाही. ढिगावर घासाघीस करून जाकिटात वाचवलेले पैसे याच खरेदीत घालावेत.